व्यसन, मेंदू आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तेलीबांधा येथे भरलेल्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा चिटणीसांची अपेक्षा अशी होती की, आम्ही ‘छत्तीसगढातील मराठी माणूस’ या विषयावर चार शब्द बोलावेत. बिंबाजी भोसल्यांपासून आरंभ करून रेल्वे, भिलाईचा कारखाना आणि सरकारी कचेऱ्या यांवरून फिरत फिरत आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवापर्यंत यावे. तो विषय गोड आहे आणि या अंकात कोणी ना कोणी तो हाताळलेला असेलच. आम्ही मात्र त्यांच्याकडून एक कडू विषय मागून घेतला. सणासुदीच्या पानात कारल्याची भाजी वाढल्यासारखे हे होईल याची आम्हांस जाणीव आहे. तरीही आपण ती चाखून पाहावी अशी प्रारंभीच विनंती करतो.

आम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. शिक्षण बी. ए., आणि तेही वाङ्मय घेऊन. केंद्र सरकारच्या नोकरीत तीन दशके काढली ती इतरांनी केलेला खर्च तपासण्यात. तेव्हा मेंदूविषयी आम्ही जे सांगू ते वाचून व विचारून मिळविलेले आहे. पैशाविषयी जे सांगू ते मात्र थोडेबहुत आमच्या हातचे आहे. आणि जे काही बोलू ते एक सभासद म्हणून; आमच्या कार्यालयाचा त्याच्याशी संबंध नाही.

आमचे धाकटे बंधू दारूने गेले. हे वाक्य आम्ही आज प्रथमच चारचौघांत उच्चारीत आहोत. २००९ साली ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे अडतीस होते. नागपूर-पुण्याच्या नातलगांस आम्ही ‘कावीळ झाली’ असे कळविले. ते अगदीच खोटे नव्हते, कारण यकृत निकामी झाल्यावर कावीळ होतेच. परंतु हिशेबात जमेची बाजू दाखवून खर्चाची झाकून ठेवावी, तशातला तो प्रकार होता. त्याआधीची दहा वर्षे आम्ही काय काय केले? शपथा घेतल्या, अंगारे लावले, नवस बोललो, रागावलो, बोलणे टाकले, खोलीत कोंडून ठेवले, वर्ध्याकडच्या गावी चार महिने हवापालटास धाडले. एकदा एका दवाखान्यात नेले. तेथे तीन दिवस सलाईन लावून ‘आता मनाचा निश्चय करा’ असे सांगून घरी पाठविले. या विषयाचे खास शिक्षण घेतलेला माणूस असतो, त्याच्याकडे न्यावे, हे मात्र घरातील एकाही शिकलेल्या माणसास सुचले नाही. त्या घरात आम्ही वडील बंधू होतो. तेव्हा हा आक्षेप प्रथम आमच्याच नावावर नोंदला पाहिजे.

त्यांची मुलगी त्या वेळी आठ वर्षांची होती. ती आमच्याच घरी वाढली. रायपुरास बी. फार्म. झाली, आणि एके संध्याकाळी जेवणे झाल्यावर तिने सांगितले की, तिला पुढे औषधशास्त्र घेऊन मद्याचा मेंदूवर काय परिणाम होतो यावर संशोधन करावयाचे आहे. आम्ही चपापलो. म्हणालो, “बाळ, शिक हवे तेवढे, पण हा विषय सोड. लोकांना निष्कारण बोलायला जागा होईल.” ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, तुम्ही सगळ्यांना कावीळ सांगितलीत. बाबांना खरं काय झालं होतं ते मला कळायला नको का?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधीत आम्ही गेली दोन-तीन वर्षे जे वाचले, ज्यांना भेटलो, जी सरकारी पत्रके चाळली, त्याचा गोषवारा म्हणजे आजचे हे भाषण.

प्रथम शास्त्राची बाजू थोडक्यात सांगतो. १९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे जेम्स ओल्ड्स व पीटर मिलनर या दोघांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसविली. कळ दाबली की मेंदूस अगदी सूक्ष्म विद्युत्स्पर्श व्हावा, अशी योजना केली. तार मेंदूच्या विशिष्ट भागी असली म्हणजे उंदीर ती कळ तासन्‌तास दाबीत राही. मेंदूत सुखाची ओढ निर्माण करणारी एक यंत्रणा आहे, हे त्यातून ध्यानात आले. पुढे असे दिसले की, या यंत्रणेत डोपामिन नावाचे रसायन मोठे काम करते. दारू, तंबाखू, अफू, गर्द ही द्रव्ये एकमेकांहून भिन्न असली तरी ती सर्व या ना त्या वाटेने याच यंत्रणेत शिरतात. वारंवारच्या सेवनाने ती यंत्रणाच बदलते. मग सुखासाठी घेतलेला पेला दुःख टाळण्यासाठी घ्यावा लागतो. ‘निश्चय करा’ असे ज्या मनास आपण सांगतो, त्या मनाचे साधनच दुखावलेले असते.

परंतु केवळ मेंदू पाहूनही भागत नाही. व्हिएतनामच्या युद्धात कित्येक अमेरिकन सैनिकांना हेरॉइनची सवय जडली होती. १९७१ साली मायदेशी परतलेल्या अशा सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषींनी केला, तेव्हा त्यांतील बहुसंख्यांनी घरी आल्यावर ते व्यसन पुन्हा धरले नाही असे आढळले. म्हणजे परिस्थिती, सोबत, घरची माणसे यांचाही वाटा तेवढाच मोठा. या शास्त्रास म्हणूनच एकाच प्रकारचा विद्वान पुरत नाही. त्याला वैद्य हवा, औषधशास्त्रज्ञ हवा, मानसशास्त्रज्ञ हवा, समाजकार्यकर्ता हवा आणि आकडेशास्त्र जाणणारा हवा. आपल्या मुलांसाठी ही जमेची बाजू आहे, कारण या घरास एकच दार नाही.

आता आपण ज्या भूमीत राहतो तिच्याकडे पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या व्यसनोपचार केंद्राकडून देशभर पाहणी करविली व तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन लाखांवर घरी जाऊन पावणेपाच लाखांच्या आसपास माणसांस प्रश्न विचारण्यात आले. दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण साऱ्या देशात शेकडा १४.६ निघाले. छत्तीसगढात ते शेकडा ३५.६ होते आणि राज्यांमध्ये सर्वांत अधिक होते. मद्यामुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक देशात पावणेसहा कोटींच्या घरात. आणि ज्या आकड्यावर आमची लेखणी थांबली तो हा की, मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर अडतीस जणांपैकी एकासच कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाला होता. आमचे बंधू उरलेल्या सदतिसांतले. त्या सदतिसांच्या घरी वेडी किंवा निर्दय माणसे राहत नाहीत. राहतात ती आपल्यासारखीच, कावीळ सांगणारी.

हे वाचल्यावर वाटते की, एवढ्या मोठ्या दुखण्यापुढे आपण काय करणार? पण आपल्याच भाषेतील माणसांनी काय केले ते पाहिले म्हणजे धीर येतो.

पुण्याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’च्या आहारी गेलेल्या तरुणांविषयी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि त्यांनी अशा मुलांसाठी काही करावे म्हणून एक लाख रुपयांची देणगी पुढे केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने त्याच आवारात ऑगस्ट १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले, पण ते काम चालू आहे, आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे पुढच्यांचा हात धरतात. एका देणगीतून केवढे झाड उभे राहिले, हे आपण ध्यानात ठेवावे. भाषणाच्या शेवटी आम्हांस त्याचा उपयोग आहे.

दुसरे उदाहरण गोव्याचे. तेथे १९९६ पासून ‘संगत’ नावाची संस्था मानसिक आरोग्याचे काम करते. अपायकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांना प्राथमिक आरोग्य केंद्रातच मदत देता येईल काय, आणि ती डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकाने दिली तर चालेल काय, असा प्रश्न डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. दहा आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने दोन गट केले. तीन महिन्यांनी पाहता समुपदेशन मिळालेल्या गटात शेकडा ३६ जणांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले होते, तर दुसऱ्या गटात शेकडा २६ जणांचे. हा निबंध ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रकाशित झाला. खर्च इंग्लंडच्या वेलकम ट्रस्टने दिला. शंभरांत दहा माणसांचा फरक हा कोणास अल्प वाटेल. ज्यांच्या घरचा माणूस त्या दहांत असेल त्यांना विचारावे.

विदर्भात गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २०१६ पासून शासन व टाटा ट्रस्ट यांच्या साहाय्याने ‘मुक्तिपथ’ हे दारू व तंबाखू यांच्याविरुद्धचे जिल्हाव्यापी काम हाती घेतले. आणि आपल्या अगदी शेजारी, म्हणजे येथून आगगाडीने एका दिवसात जाऊन परत यावे इतक्या अंतरावर, नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. निशिकांत सुभेदार, डॉ. दादासाहेब कोकरे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मेंदूतील पेप्टाइड नावाच्या लहान प्रथिनांचा व्यसनाशी असलेला संबंध अभ्यासिला. मॉन्ट्रियलच्या त्या जुन्या प्रयोगाचीच रीत, तीच तार आणि तीच कळ, नागपुरात वापरली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात असे दाखविले आहे की, ‘कार्ट’ नावाचे पेप्टाइड मॉर्फिनच्या सुखसंवेदनेत डोपामिनच्या पुढील टप्प्यावर काम करते. आमच्या पुतणीने हा निबंध आम्हांस वाचून दाखविला. आम्हांस चौथा हिस्सा समजला असेल. पण ज्या नागपुरास आपण लग्नाच्या खरेदीस जातो, तेथे हे काम झाले आहे हे मात्र पूर्ण समजले.

आता विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी व्यवहाराची बाजू. ज्यांच्या घरी दहावी-बारावीतील मुले आहेत त्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे.

पहिली वाट वैद्यकाची. एम. बी. बी. एस., मग मानसोपचारात एम. डी., आणि त्यानंतर व्यसनोपचार या विषयातच डी. एम. ही पदवी. ती बंगळुरूची निम्हान्स, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व चंडीगढची पदव्युत्तर संस्था येथे घेता येते. निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे. दिल्लीच्या संस्थेचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादेस आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यास शिकत असतानाच संशोधनाची चव घ्यावयाची असेल तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आय. सी. एम. आर., १९७९ पासून दोन महिन्यांच्या अभ्यासासाठी विद्यार्थिवृत्ती देत आली आहे. आपल्या गावच्या महाविद्यालयांतील मुलांनी ती मागावी.

दुसरी वाट औषधशास्त्राची, जी आमच्या पुतणीने धरली. बी. फार्म. नंतर ‘जीपॅट’ ही परीक्षा उत्तीर्ण होऊन एम. फार्म.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात. तेथून पीएच. डी.

तिसरी वाट विज्ञानाची. बी. एस्‌सी., एम. एस्‌सी. करून मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व तिचेच बंगळुरूचे जीवशास्त्र केंद्र, किंवा पुण्याची आयसर येथे मेंदूशास्त्रात पीएच. डी. करता येते. चौथी वाट आमच्यासारख्या बी. ए.वाल्यांची. मानसशास्त्र किंवा समाजकार्य घेऊन निम्हान्स, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था अशा ठिकाणी पुढे जाता येते. गोव्याच्या प्रयोगाने दाखविलेच आहे की, या कामात डॉक्टर नसलेल्या माणसाची किंमत कमी नाही.

पैशाचे म्हणाल तर राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर वरिष्ठ म्हणून ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे, असा दर ठरला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ही परीक्षा सी. एस. आय. आर.ची, तर मानसशास्त्र व समाजकार्याच्या विद्यार्थ्यांस यू. जी. सी.ची. आय. सी. एम. आर. व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या फेलोशिपा निराळ्या आहेत. ‘संशोधन म्हणजे फकिरी’ ही आपल्या पिढीची समजूत आता तेवढी खरी राहिलेली नाही.

पीएच. डी.नंतरची दारेही आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ साली बोधनशास्त्राच्या, म्हणजे मन व मेंदू यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र उपक्रम काढला. त्याच वर्षी जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांनी मिळून ‘इंडिया अलायन्स’ स्थापन केली, जी संशोधकास काही वर्षांचे वेतन व प्रयोगाचा खर्च एकत्र देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यास मान्यता दिली. रक्कम १,५०० कोटी, पैकी १,००० कोटी आपल्या सरकारचे. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ उभे राहिले व पूर्वीच्या संशोधन मंडळाचे काम त्याच्याकडे आले. लग्न-बाळंतपणामुळे ज्या मुलींचे संशोधन खंडित झाले त्यांच्यासाठी विज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना आहे. आपल्या मंडळात अशा सुना आहेत हे आम्हांस ठाऊक आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी तिळगुळाबरोबर हा निरोपही द्यावा.

परदेशाविषयी आपल्या लोकांस ओढ असते म्हणून दोन शब्द. अमेरिकेत मद्यविषयक राष्ट्रीय संस्था १९७० ची व अमली पदार्थविषयक संस्था १९७४ ची. जगातील या विषयाच्या संशोधनाचा फार मोठा खर्च या दोघींनी उचलला. परंतु २०२५ साली तेथील आरोग्य-संशोधनाच्या अनुदानांत मोठी काटछाट झाली, तेव्हा केवळ त्या एका आशेवर मुलांनी बसू नये. आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटना, जी १९६१ पासून आहे, तिची अल्पकालीन प्रशिक्षण-सत्रे व प्रवासवृत्ती असतात, त्या पाहाव्यात. शिवाय परदेशचे पैसे इकडेही येतात. ‘सीवेदा’ नावाच्या अभ्यासात २०१६ पासून भारतातील सात केंद्रांवर सहा ते तेवीस वयाच्या सुमारे दहा हजार मुलामुलींची पाहणी हाती घेण्यात आली. व्यसनाकडे कोण व का झुकतो हा त्याचा विषय. निम्हान्सने तो चालविला व खर्च आपली आय. सी. एम. आर. आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी वाटून घेतला. या योजनांचे नियम, वयाची अट व तारखा वर्षोवर्षी बदलतात. सबब आमच्या भाषणावर विसंबून अर्ज करू नये, त्या त्या वर्षीचे पत्रक वाचावे.

आता आमच्या धंद्यातील एक गोष्ट. सरकारी अनुदान मंजूर होणे आणि ते हाती पडणे यांत अंतर असते. पैसा हप्त्याने सुटतो. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो ‘१२-अ’ नमुना, संस्थेकडून गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. मार्चअखेरीस न खर्चलेला पैसा परत जातो आणि एप्रिलात नवे अंदाजपत्रक येईपर्यंत सर्व थांबते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. सार्वजनिक पैशास पहारा हवाच, आणि त्या पहारेकऱ्यांतच आमचे आयुष्य गेले. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावयास किती दिवस लागतात हे आम्ही अनेकदा मोजले आहे. पण त्या दिवसांत दुसऱ्या गावी खोली घेऊन राहिलेली मुलगी काय खाते, हे आम्ही कधी मोजले नव्हते.

ते आमच्या पुतणीने शिकविले. तिला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मंजूर झाली, आणि पहिला पैसा हातात येण्यास सात महिने लागले. त्या काळात खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके आम्ही धाडीत होतो, कारण आम्हांस ते शक्य होते. तिच्याबरोबरची एक मुलगी आमच्याच भागातील होती. वडिलांचे पानाचे दुकान. जीपॅटमध्ये तिचा क्रमांक पुतणीच्या वरचा. तीन महिने तिने वाट पाहिली, चौथ्या महिन्यात ती शिक्षण सोडून परत आली व आज एका औषधाच्या दुकानात हिशेब लिहिते. सरकारने तिला नाकारले नव्हते. सरकारचा पैसा मंजूर होऊन वाटेत होता. ती बुडाली ती केवळ मधल्या काही हजारांसाठी. लेखापरीक्षक म्हणून आम्ही लाखो-कोटींच्या नुकसानीवर शेरे मारले, पण याहून वाईट नुकसान आमच्या पाहण्यात नाही, आणि ते कोणत्याच फायलीत नोंदलेले नाही.

म्हणून आज आम्ही मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवीत आहोत. आपण संशोधनास पैसा देऊ शकत नाही, ते सरकारचे व मोठ्या विश्वस्त संस्थांचे काम. पण मंजुरी आणि हप्ता यांच्यामधली वाट पार करावयास आपण मुलांना निश्चित साहाय्य देऊ शकतो. मंडळाने एक लहानसा निधी काढावा. त्यातून तीन गोष्टींसाठीच द्यावे: प्रवेशपरीक्षेचे शुल्क, मुलाखतीचा प्रवासखर्च, आणि शिष्यवृत्ती मंजूर झालेली पण न मिळालेली असताना सहा महिन्यांपर्यंतचा निर्वाह. तिसऱ्या प्रकारातील रक्कम बिनव्याजी उसनी समजावी व शिष्यवृत्ती आल्यावर परत घ्यावी, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलास कामी येईल. विद्यार्थी व्यसन किंवा मेंदू यांच्याशी संबंधित अभ्यास करणारा असावा, मग तो वैद्यकाचा असो वा समाजकार्याचा. तो मराठीच असावा अशी अट घालू नये. आपण या मातीचे मीठ खातो. हिशेब दरवर्षी वार्षिक सभेत वाचून दाखवावा. तो तपासण्याचे काम आम्ही निवृत्तीनंतरही विनामूल्य करू, आणि सभासदांना ठाऊक आहेच की त्या बाबतीत आमच्याकडून सवलत मिळत नाही.

आमच्या बंधूंच्या नावे म्हणून आम्ही या निधीस आमचा एक महिन्याचा पगार आज देत आहोत. पावतीवर त्यांचे नाव घालावे. कारणाच्या रकान्यात ‘कावीळ’ लिहू नये.

आणखी एक विनंती, जिला पैसा लागत नाही. आपल्या कोणाच्या घरी असा माणूस असेल तर त्यास लपवू नका. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. आणि हे ज्या तेलीबांध्याच्या तळ्याकाठी आपण संध्याकाळी फिरावयास येतो, त्याच्या कडेने जाणारा जी. ई. रोड सरळ पश्चिमेस टाटीबंधला पोहोचतो, जेथे २०१२ पासून आपल्या गावची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी आहे. आमचे बंधू गेले तेव्हा ती नव्हती. आज ती आहे, तेथे मानसोपचार विभाग आहे, आणि तेथवर जावयास रिक्षा मिळते.

पुतणीचा अभ्यास चालू आहे. गेल्या दिवाळीत ती आली असता आम्ही विचारले, “काय गं, कळलं का बाबांना काय झालं होतं?” ती म्हणाली, “थोडं थोडं कळतंय, काका. अजून पुष्कळ राहिलंय.” बाहेरच्या खोलीत पुण्याहून आलेली पाहुणे मंडळी बसली होती. ती विषय काय म्हणून विचारू लागली, तेव्हा या खेपेस उत्तर आम्ही दिले, आणि बंधूंविषयीही जे खरे ते सांगितले.